तांबडीच्या नऊ नळ्या

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वीस नळ्या गेल्या. वीसच्या वीस, साडेतीनच्या गाडीने, वेळेत! तालुक्याच्या डॉक्टर श्रीनिधी मॅडमचा फोन आला — "सुकेशनीताई, तालुक्यात सगळ्यात आधी तुमचेच नमुने." मी म्हणाले, "हो मॅडम." आवाज नेहमीसारखाच निघाला. तेच मला खटकतंय.

लिहून टाकते. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

१७ जानेवारीला भोगलवाडीत लाळ्या-खुरकुताची लस दिली. खालची आळी मी टोचली, वरची दत्तरावांनी. दत्तराव आमच्या दवाखान्याचे परिचर. तीस वर्षं जनावरांत गेली, येत्या ३१ मेला निवृत्त होतील. लस दिली की अठ्ठावीस दिवसांनी रक्त काढून तपासायला पाठवायचं असतं. रक्तात प्रतिपिंडं तयार झाली असली तर जनावर रोगाला तोंड देतं, नसली तर लस वाया गेली. कोणत्या जनावराचं रक्त काढायचं ते आपण ठरवत नाही. वरून यादी येते, कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरांची. भोगलवाडीचे वीस नंबर आले होते — अकरा खालच्या आळीतले, नऊ वरच्या.

खालचे अकरा बारापर्यंत उरकले. वरच्या आळीत जाऊन बघते तर दावणी रिकाम्या. सगळी जनावरं शेतातल्या आखाड्यावर. निरोप दिला होता, पण हरभरा काढणीला आलेला, माझ्यासाठी कोण थांबतंय? दत्तरावांना आखाड्यांकडे पाठवलं. दीड वाजता त्यांचा फोन — "म्याडम, दिवस मावळल्याबिगर कुणी येत न्हाई म्हणायलेत." आणि गाडी साडेतीनला! आज नमुने गेले नसते तर सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं असतं. सगळ्यांसमोर मला कुणी विचारलेलं सोसत नाही. शाळेपासून नाही.

खालच्या आळीच्या टोकाला सरजाबाईचं घर. साठी ओलांडलेली, एकटी बाई. दारात एकच गाय — लालकंधारी, गाभण. तांबडी म्हणते ती तिला. इतकी गरीब की मानेला सुई लावली तरी रवंथ थांबत नाही. तिचा नंबर यादीत नव्हता. मी तिच्या मानेतून नऊ नळ्या भरल्या आणि त्यांच्यावर वरच्या आळीतल्या नऊ जनावरांचे नंबर चिकटवले. अक्षर छान आलं. माझं अक्षर छानच येतं.

सरजाबाई शिंग धरून उभी होती. "येका गाईचं येवढं लागतंय व्हय?"

"तपासायला जास्त लागतं, मावशी."

तिला पटलं. वर मला चहा करून दिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दत्तरावांनी विचारलं, "वरच्या आळीचं रगत कवा काढायचं?" म्हटलं, "राहू द्या, मॅडमनी खालच्या अकरावरच भागवलं." त्यांनी मान हलवली आणि डबा धुवायला घेतला. तीस वर्षांत त्यांनी मला — म्हणजे माझ्या खुर्चीवरच्या कुणाला — उलट विचारलेलं नाही.

एक खोटं झाकायला दुसरं. इतकी घाई होती का?

२ मार्च, रविवार

नवऱ्याची, सिद्धोधनची, सुट्टी होती. सकाळी भाजी निवडत बसलो होतो. पूर्णा जंक्शनवर रूळ तपासायचं काम त्याचं, रोज पायी चालून. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा एखाद्या दिवशी न चालताच रजिस्टरला सही केली तर?"

तो हसला. "मग गाडीच सांगंल ना. आमच्यात लपत न्हाई ते."

आमच्यात लपतं. रक्त रक्तासारखंच दिसतं. हे मनातल्या मनात म्हणाले आणि मेथीच्या काड्या पानांत टाकल्या, पानं काड्यांत. तो म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं?"

१२ मार्च, बुधवार

निकाल आला.

अकरा पास. नऊ नापास.

मी तीनदा वाचलं. खालच्या आळीतली अकराच्या अकरा जनावरं उत्तम. वरच्या आळीतल्या नऊ नंबरांपुढं प्रतिपिंडं नाहीतच म्हणण्याइतकी. श्रीनिधी मॅडम फोनवर गंभीर होत्या. "वरच्या आळीला टोचताना बर्फ वितळला असणार. लस गरम झाली की नुसतं पाणी. डबा कुणाकडे होता?"

मी सांगितलं — दत्तरावांकडे. हे मात्र खरं होतं.

फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला. नापास वरची आळी नाही. ते नऊ आकडे एकाच गाईचे आहेत. तांबडीच्या अंगात काही नाही!

नोंद काढून बघितली. १७ जानेवारी, तांबडीचा बिल्ला, "लस दिली", माझ्या नावावर. आठवायला बसले. रक्त काढलं त्या दिवशीची शिंगं आठवतात, चहा आठवतो, पण जानेवारीत टोचल्याचं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, सरजाबाई दारातून म्हणाली होती, "आमची झाली म्याडम, दत्तरावनं टोचली." मी बिल्ल्याचा नंबर वहीतून बघून नोंद केली आणि पुढच्या घरी गेले. गाईकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे मी दोनदा न बघता लिहिलं. एकदा टोचल्याचं, एकदा रक्ताचं.

आणि हे फक्त मला माहीत आहे. मला सोडून जगात कुणालाही नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. घरी पुरण शिजतंय आणि मी दिवस मोजतेय. तांबडी एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व्यायची. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. ती ताकद मग चिकात उतरते, आणि वासरू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात जो चीक पितं त्यातून ती त्याला मिळते. चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला टोचता येत नाही. तोवर त्याच्याजवळ आईनं दिलेलं असेल तेवढंच.

हे मी गावोगाव सांगत फिरते! पारावर, शाळेत, बचत गटात. "बायांनो, चीक फेकू नका, आईची सगळी पुण्याई चिकात असते." टाळ्या पडतात. बाया मला चीकवाली म्याडम म्हणतात.

तांबडीच्या चिकात काही असणार नाही. मार्च संपायच्या आत एक सुई दिली तर असेल. दोन मिलिलिटर. एवढंच काम आहे.

१७ मार्च, सोमवार

दत्तरावांकडे खुलासा मागितला गेला. लेखी. लसीचा डबा निष्काळजीपणे हाताळला, बर्फाची खात्री केली नाही, वगैरे. ते कागद घेऊन माझ्याकडे आले कारण त्यांना लिहून द्यायला कुणीतरी हवं होतं.

"म्याडम, लिवा. बर्फ घट्ट व्हता. हात घातला तर बोटं बधिर व्हायलती. वरच्या आळीत शेवटची सुई मारली तवा बी तसाच व्हता."

मी लिहिलं. शब्द न् शब्द लिहिला. सही घेतली. त्यांनी विचारलं, "मानतील ना म्याडम?" मी म्हणाले, "बघू."

बघू! माझ्या तोंडाला काय झालं होतं?

२० मार्च, गुरुवार

वरच्या आळीचं पुन्हा लसीकरण. मॅडम स्वतः आल्या होत्या. डब्यात हात घालून बर्फ बघितला, दत्तरावांच्या समोर. दत्तराव बाजूला उभे राहिले, हात मागं बांधून. एकेका गाई-बैलाला टोचलं. लोक कुरकुरले, पण आणली जनावरं. खरं तर त्यांना गरज नव्हती. त्यांचं जानेवारीतच व्यवस्थित झालेलं असणार, दत्तरावांच्या हातून.

चार डोस उरले. मॅडम जीपमधून गेल्या. मी एकटी खालच्या आळीत आले. सुई भरून घेतली होती.

सरजाबाई शेण काढत होती. शेजारची कमलबाई तिच्याशी बोलत ओट्यावर बसलेली.

"मावशी, तांबडीला एक सुई देऊन टाकते."

तिचा चेहरा उतरला. "कशाला? झालीय की जानेवारीत."

"पुन्हा दिली तर चांगलंच आहे."

"न्हाई म्याडम. दिवस भरत आलेत तिचे. गाभडली तर मंग?" ती गाईच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली. "दुसऱ्याच्या जनावराला न्हाई देलाव तुमी खालच्या आळीत. माझीच का?"

कमलबाई माझ्याकडे बघत होती.

माझीच का — याला एकच उत्तर होतं. तुझ्या गाईचं रक्त मी नऊ जणांच्या नावानं पाठवलं, म्हणून मला कळलंय. ते उत्तर तोंडाशी आलं होतं. कमलबाई नसती तर बोलले असते, असं मी स्वतःला बसमध्ये सांगत होते. खोटं. कमलबाई नसती तरी बोलले नसते.

"बरं, पुढच्या खेपेला बघू," म्हणाले. भरलेली सुई परत आणून दवाखान्याच्या खड्ड्यात रिकामी केली.

३० मार्च, रविवार

पाडवा. भोगलवाडीला गेले नाही. काल पण नाही. परवा पण नाही.

६ एप्रिल, रविवार

आता दिली तरी चिकात उतरायला वेळ पुरायचा नाही. आज सकाळी हे लक्षात आलं आणि — लिहायची लाज वाटते — मला हलकं वाटलं. आता जायचा प्रश्नच उरला नाही!

अशी माणसं मला आवडत नाहीत. मीच आहे ती.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पूर्णेत सकाळपासून पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. विहारात पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, ही शपथ चौथी. सगळ्यांबरोबर मीही म्हटली, हात जोडून. शेजारी सासूबाई होत्या, त्यांचा आवाज खणखणीत. माझे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "घसा बसलाय का गं?" म्हटलं, हो.

दुपारी वस्तीतल्या पोरींपुढं माझं भाषण ठेवलं होतं. आपल्यातली पहिली पशुधन पर्यवेक्षक. शिकून खुर्चीवर बसल्यावर काय करायचं ते मी त्यांना सांगितलं. चांगलं झालं भाषण.

२२ एप्रिल, मंगळवार

तांबडी व्याली. गोऱ्हा. दत्तरावांनी फोनवर कळवलं. ते सुटीच्या दिवशीही तिकडून जाता-येता बघून येतात. म्हणाले, "आईसारखाच लाल हाय. अर्ध्या तासात उभा ऱ्हायला. तुमी सांगितल्यावाणी सरजाबाईनं लगीच चीक पाजिवला. लय पेला."

लय पेला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज सरजाबाई दवाखान्यात आली. बसने, उन्हातून. पदराखाली स्टीलचा डबा. "खरवस आणलाय म्याडम. वासराला पोटभर पाजून उरला तेवढ्याचाच केला, तुमी म्हणताव तसं." वरच्या आळीतही चार घरी देऊन आलेली. तिच्या गाईचं रक्त जिल्ह्याला तपासायला गेलं याचं तिला मोठं कौतुक आहे. कमलबाईला सांगत असते म्हणे, "माझ्या तांबडीच्या नऊ शिश्या नेल्या, कुणाच्या नेल्या का नऊ?"

गूळ-वेलदोडा घातलेला, मऊ, थरथरणारा. ती समोर बसून राहिली. मी खाते का ते बघत.

मी खाल्ला. दोन वड्या खाल्ल्या. "छान झालाय मावशी" म्हणाले. ती गेल्यावर मागच्या नळावर जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. उरलेला डबा दत्तरावांना दिला. त्यांनी कागदावर घेऊन बोटानं पुसून खाल्ला.

निदान एवढं तर सांगायचं होतं — मावशी, वासराला गावाच्या हौदावर नेऊ नका, बाहेरच्या जनावरांत मिसळू देऊ नका. त्याला कारण सांगावं लागलं नसतं. तेही सुचलं नाही. सुचलं नाही की नको होतं? तिच्या दारात जायला नको होतं मला. दार दिसलं की नऊ नळ्या दिसतात.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. खीर केली होती. अकराला फोन — भोगलवाडीत लाळ गळायला लागलीय. गावावरून मेंढरांचा एक कळप गेला, हौदावर पाणी प्याला, त्यातलं असावं. मॅडम देवगाव फाट्याकडच्या एका शिबिराला निघाल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेतून परत फिरल्या.

खालच्या आळीत एक-दोन बैलांच्या तोंडात थोडे फोड, पण खातायत, चालतायत. वरच्या आळीत एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं वरची आळी पुन्हा टोचली. तुमच्या नमुन्यांमुळं कळलं, ताई. नाहीतर आज काय झालं असतं?" गावकऱ्यांसमोर म्हणाल्या. सरपंचांनी मान डोलावली. मी जमिनीकडे बघत होते. त्यांना वाटलं मी लाजतेय.

तांबडी मात्र उभी राहत नव्हती. जीभ सोललेली, खुरांत जखमा, लाळेच्या तारा. सरजाबाई तिच्या तोंडाशी बसून पंच्यानं लाळ पुसत होती. "म्याडम, हिला तर टोचलं व्हतं की," कमलबाई म्हणाली. सरजाबाई खाली मान घालून पुसत राहिली.

गोऱ्हा जवळच होता. उड्या मारत होता. मी त्याला वेगळं बांधायला सांगितलं, तोंडाला लावायची औषधं दिली, खुरं धुवायला पोटॅशियम परमँगनेटचं लाल पाणी. सगळं नीट समजावून सांगितलं. आज सगळं सांगता आलं मला.

१५ मे, गुरुवार

गेला.

बरा दिसत होता, सकाळी पिऊ दिला, पिता पिताच पुढच्या पायांवर कोसळला, असं सरजाबाई म्हणाली. मॅडमनी गावाबाहेर माळावर उघडून बघितलं. काळजावर पांढरे पट्टे. लहान वासरांना हा रोग काळजात लागतो, पुस्तकात चित्र असतं. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "आश्चर्य आहे. आई लसीची होती, चीक पाजलेला. थोडं तरी संरक्षण हवं होतं. असं व्हायला नको होतं, ताई."

मी वही धरून उभी होते. मला लिहायला सांगितलं — वय तेवीस दिवस, नर, लाल. लिहिलं. अक्षर छान आलं.

दत्तरावांनी खड्डा खणला, मीठ टाकलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या म्याडम, हात खराब व्हतील."

१६ मे, शुक्रवार

तांबडीला बघायला गेले. थोडं पाणी प्यायली. सरजाबाईनं मला आत बोलावलं, दार लोटलं. वाटलं, हिला कळलं. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. संपेल एकदाचं.

ती खाली बसली. "म्याडम, म्या खोटं बोलले."

मला कळेना.

"जानेवारीत गाईला टोचलंच न्हाई. तुमाला म्हणलं दत्तरावनं टोचली, दत्तरावला म्हणलं म्याडमनं टोचली. लेकीच्या गावाला येकीची गाय सुईनं गाभडली म्हणून आईकलं व्हतं, मला भ्या वाटलं. मंग मार्चात तुमी आलाव तवा बी खरं सांगायला तोंड झालं न्हाई. तुमी येवढ्या उन्हात माझ्यासाठी आलाव अन् म्या आडवी उभी ऱ्हायले." तिनं कपाळाला हात लावला. "वासरू म्याच मारलं. कुणाला सांगू नका."

मी तिचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. ती रडत होती, मी थोपटत होते.

एवढंच केलं. बोलले काहीच नाही. ती माझ्यापुढं सगळं ओतून मोकळी झाली आणि मी तिच्या पापावर माझं झाकण ठेवून घरी आले.

आजच्याइतकी लाज मला कधीच वाटलेली नाही. नळ्या भरताना घाई होती, सुई परत आणताना भीती होती. आज कशाची सबब सांगू?

२८ मे, बुधवार

दत्तरावांच्या कागदावर शेरा आला — लस हाताळण्यात हलगर्जी. तीस वर्षांत पहिला, निवृत्तीला तीन दिवस राहिले असताना. त्यांनी कागद चार घड्या करून खिशात ठेवला. दिवसभर बर्फाचे डबे घासत होते. घासलेलेच पुन्हा.

संध्याकाळी सिद्धोधनला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तू मला त्या दिवशी विचारलंस ते हे होय?" एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं.

३१ मे, शनिवार

दत्तरावांचा निरोप समारंभ. दवाखान्यात जनावरं अडकवायच्या खोड्यापाशी सतरंजी, शाल, नारळ, पेढे. मॅडम बोलल्या, कर्तव्यनिष्ठ वगैरे. शेवटच्या काळातल्या एका गोष्टीबद्दल काहीच न बोलून त्यांनी सगळ्यांना तिची आठवण करून दिली.

मग मला बोलायला उभं केलं. सकाळीच मी सगळं कबूल करणारा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. ठरवलं होतं की कार्यक्रम झाल्यावर मॅडमना एकट्यांना देईन. उभी राहिले, दत्तरावांकडे बघितलं. नवा सदरा घातला होता, इस्त्रीचा. त्यांची बायको, सुना समोर बसलेल्या. म्हटलं, शेरा सगळ्यांना माहीत आणि खरं एकटीच्या कानात?

सांगितलं. सगळ्यांसमोर. नऊ नळ्या, एक गाय. वरच्या आळीतल्या एकाही जनावराचं रक्त गेलं नव्हतं. बर्फ घट्ट होता. न टोचता नोंद माझी होती. सरजाबाईचं नाव घेतलं नाही. ती तिची गोष्ट आहे.

मॅडमनी अर्ज घेतला, वाचला. "चौकशी लागेल, ताई," म्हणाल्या. म्हटलं, हो.

मी दत्तरावांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले. शाल काढून घडी घातली. म्हणाले, "म्या सांगितलं व्हतं बर्फ घट्ट हाय. तुमीच तर लिवून घेतलं व्हतं म्याडम, तुमच्या हातानं." आणि बायकोला म्हणाले, "चला."

१ जून, रविवार

सकाळच्या बसने भोगलवाडी. सरजाबाई तांबडीच्या खुरांना तेल लावत होती. गाय उभी होती, बारीक झालेली.

काल जे सांगितलं ते सगळं सांगितलं. मग जे सांगितलं नव्हतं ते — तिच्या गाईच्या अंगात लसीची ताकद नाही हे मला आधीच माहीत होतं, आणि सुई घेऊन आले तेव्हा का गप्प बसले. ती तेल लावत राहिली. पुढचे दोन्ही खूर झाले, मागचा एक झाला.

"कवा कळलं तुमाला?"

"होळीच्या आदल्या दिवशी."

"अन् गाय व्याली येप्रिलात." ती बोटांवर मोजत होती. "मंजी दीड महिना व्हता."

"हो."

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं — रागानं नाही, नवख्या माणसाकडे बघावं तसं.

"अन् तुमी खरवस खाल्लाव," ती म्हणाली. "माझ्यापुढं बसून."

१८ जुलै, शुक्रवार

पुढची फेरी. चौकशी चालू आहे, दुसरं कुणी नेमलेलं नाही, म्हणून मीच. दत्तरावांचा शेरा खोडला गेला. भोगलवाडीत कुणी दावं सोडेना. दारादारांतून नुसतं बघत होते. तेवढ्यात सरजाबाई तांबडीला घेऊन पारापाशी आली, कासरा खुंटीला अडकवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली —

"जानेवारीत गाय म्याच लपिवली. शिश्यांचं ह्यांनी लपिवलं. दोघी बी खोट्या. म्हणून आता ह्या टोचतील अन् म्या मोजीन."

मी तांबडीला टोचलं. बिल्ल्याचा नंबर मोठ्यानं वाचला.

"येक," सरजाबाई म्हणाली.